मदत हवी आहे: राउटरचं पॅरेंटल कंट्रोल चालत नाही (तातडीचं)

वैतागवाडीकर (रात्री १०:१२)
पॅरेंटल कंट्रोल लावून आठ दिवस झाले, उपयोग शून्य. साडेनऊला नेट बंद व्हायला पाहिजे. आत्ता सव्वादहा होत आलेत आणि चिरंजीव आतल्या खोलीतून "रिव्हाइव्ह कर, रिव्हाइव्ह कर" म्हणून ओरडतायत. गेमच्या दोन साइटी ब्लॉक यादीत टाकल्यात, त्याही उघडतात. सगळं तपासून झालंय, राउटर बंद-चालू करून झालाय. उद्या त्याचा गणिताचा पेपर आहे, लवकर सांगा. लेक्चर नको.

नट_बोल्ट (१०:१९)
कुठला राउटर, कुठलं मॉडेल? मुलगा कशावर खेळतोय, फोन की टॅब? वाय-फायवर की सिमच्या डेटावर? "चालत नाही" एवढ्यावर डॉक्टरसुद्धा गोळी देत नाही.

वैतागवाडीकर (१०:२२)
काळा, चार अँटेनावाला. त्याच्या फोनमध्ये सिमच नाही. प्रोफाइल केलंय, त्यात उपकरणं टाकलीत, वेळ साडेनऊ ते सकाळी सहा. एवढं कळतं हो मला.

कमलताई_सातारा (१०:२६)
लेक्चर नको म्हणालात म्हणून एवढंच सांगते. आमच्याकडे हे टीव्हीची वायर काढून डब्याच्या पिशवीत घालून ऑफिसला न्यायचे. दोन्ही मुलं इंजिनीअर झाली.

टवाळ_मंडळी (१०:२८)
ताई, मग आता राउटर डब्याच्या पिशवीत घालायचा का? चार अँटेना बाहेर येतील.

डीएनएस_भक्त (१०:३१)
ती कंट्रोल वगैरे काढून टाका. राउटरच्या डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) १.१.१.३ आणि १.०.०.३ घाला. क्लाउडफ्लेअरची फॅमिली सेवा आहे, फुकट. नको त्या साइटींचा पत्ताच मिळत नाही, साइट उघडणार कशी? २०२० साली आली तेव्हापासून घरी आहे, एकदाही हात लावावा लागला नाही.

नट_बोल्ट (१०:३६)
@डीएनएस_भक्त, ती अश्लील आणि व्हायरसवाल्या साइटी अडवते. यांना गेम अडवायचाय, तोही साडेनऊला. शिवाय अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस आहे, तिथे दुसरं नाव टाकलं की तुमचं १.१.१.३ बसलं बाजूला. आयपीव्ही६ (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर त्याचे पत्ते वेगळे घालावे लागतात, ते कोणीच घालत नाही.

डीएनएस_भक्त (१०:३८)
बारा वर्षांचं पोर प्रायव्हेट डीएनएस बदलतं होय?

टवाळ_मंडळी (१०:३९)
माझ्या भाच्यानं माझ्या फोनचं बदलून दिलंय. वय अकरा.

फायबरमामा (१०:४४)
मी कनेक्शनं जोडतो, रोजचं बघणं आहे. भिंतीवर फायबरवाल्यांचा पांढरा डबा असतो ना, त्याचंही स्वतःचं वाय-फाय असतं. पोरं त्याला जोडतात आणि तुम्ही काळ्या राउटरवर कुलपं लावत बसता. फोनवर घरची दोन नावं दिसतात का?

वैतागवाडीकर (१०:४७)
दिसतात. पण पांढऱ्याचा पासवर्ड त्याला माहीत नाही.

फायबरमामा (१०:४८)
डबा उलटा करा. स्टिकरवर छापलेला असतो.

वैतागवाडीकर (१०:५३)
आहे. पण फोनवर बघितलं, तो काळ्यालाच जोडलेला आहे. तरी पांढऱ्याचं वाय-फाय बंद केलं.

ओम्_गॅजेट्स (११:०२)
आतल्या खोलीत रेंज कमी येत असेल तर एक्स्टेंडरपेक्षा मेश (घरभर एकच वाय-फाय पसरवणारे जोडडबे) घ्या.

कमलताई_सातारा (११:०५)
अहो, रेंज जास्त येतेय हाच तर त्रास आहे त्यांना.

दादर_पश्चिम (११:१०)
राउटरच्या पाठीमागच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबा, फॅक्टरी रीसेट. माझे सगळे प्रश्न असेच सुटलेत.

फायबरमामा (११:१२)
टाचणी अजिबात लावू नका! कनेक्शनचा आयडी-पासवर्ड राउटरमध्ये भरलेला असेल तर तोही पुसला जातो. मग रात्री साडेअकराला मलाच फोन.

वैतागवाडीकर (सकाळी ९:४१)
गेला पेपरला. आता दुसरंच. घरचं नेटच धड नाही. आई सकाळी टीव्हीवर यूट्यूबला भजनं लावते, ती आठ दिवस लागतच नाहीत, नुसतं चाक फिरतं. साडेअकराला आपोआप सुरू. कंपनीत तीनदा तक्रार केली, लाइन ठीक म्हणतात. बायकोचा ऑफिसचा लॅपटॉप तेवढा चालतो. कनेक्शन कुठलं चांगलं तेही सांगून ठेवा.

नट_बोल्ट (९:४६)
थांबा, थांबा. आठ दिवस? आणि बरोब्बर साडेअकराला? हे काल का नाही सांगितलंत? टीव्ही त्या प्रोफाइलमध्ये आहे का? आणि राउटरच्या पानावर आत्ता किती वाजलेत?

वैतागवाडीकर (९:४८)
टीव्ही आहे, तो त्यावरही गेमचे व्हिडिओ बघतो. घड्याळ ४:१८ दाखवतंय. त्याचा काय संबंध?

नट_बोल्ट (९:५५)
तोच सगळा संबंध. ९:४८ मधून ४:१८ वजा करा: साडेपाच तास. राउटर लंडनच्या जीएमटीवर चालतोय, टाइम झोन निवडायचा राहिलाय. त्याचे साडेनऊ म्हणजे आपले पहाटेचे तीन, त्याचे सहा म्हणजे आपले साडेअकरा. म्हणजे रात्रभर पोरगं मोकळं आणि सकाळी आजीची भजनं बंद. सिस्टिम किंवा टाइम सेटिंगमध्ये जीएमटी +५:३० निवडा, एनटीपी (नेटवरून वेळ घ्यायची सोय) चालू ठेवा. घरगुती राउटरच्या घड्याळाला बहुतेक सेल नसतो, लाइट गेली की वेळ नेटवरूनच घ्यावी लागते.

टवाळ_मंडळी (९:५८)
आठ दिवस आजीला शिक्षा आणि नातू निर्दोष.

वैतागवाडीकर (१०:०७)
आईला सांगितलं. म्हणाली, "तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं."

वैतागवाडीकर (रात्री ९:३८)
टॅब साडेनऊला बंद पडला. ब्लॉक केलेल्या साइटीही टॅबवर उघडत नाहीत. फोन मात्र सुरूच. खेळतोय.

नट_बोल्ट (९:४४)
फोन यादीत कसा टाकलात? जोडलेल्यांतून निवडून की हातानं?

वैतागवाडीकर (९:४७)
हातानं. फोनच्या माहितीत मॅक अ‍ॅड्रेस (ज्यावरून राउटर उपकरण ओळखतो तो पत्ता) होता तो बघून टाइप केला.

नट_बोल्ट (९:५२)
तो फोनचा खरा पत्ता. अँड्रॉइड १० पासून फोन वाय-फायला बनावट पत्ता सांगतो, आयफोनात आयओएस १४ पासून. राउटरच्या जोडलेल्या यादीत जा, ज्या पत्त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई आहे तो बनावट. आजचं काम भागवायला तोच प्रोफाइलमध्ये टाका. नंतर फोनच्या वाय-फाय प्रायव्हसीत "डिव्हाइस मॅक" करा. तो परत बदलेल म्हणा, त्यावर उपाय एकच: अनोळखी उपकरणाला नेटच द्यायचं नाही.

डीएनएस_भक्त (९:५५)
मी अजूनही म्हणतो, १.१.१.३.

वैतागवाडीकर (१०:०३)
दुसरं अक्षर ई. टाकला. आतून आवाज आला, "आई, नेट गेलं!" नट_बोल्ट, पार्टी लागू. धागा बंद करायला हरकत नाही.

वैतागवाडीकर (१०:११)
नको, थांबा. बायको विचारतेय मालिका का लागत नाही. टीव्ही प्रोफाइलमधून कसा काढायचा?