सांगलीच्या गावभाग घराचा ग्रुप (सगळे): पातेलं, खीर आणि रविवारची पंगत

मोठी काकी: पितळी पातेलं कुणाकडे आहे? २० लिटरचं, काठावर मामंजींचं नाव घातलेलं. माळ्यावर नाही. तिसऱ्यांदा विचारतेय. रविवारला पाच दिवस राहिले.

मोठी काकी: वाचलंय सगळ्यांनी, दिसतंय मला.

साताऱ्याचे काका: सुप्रभात 🌹

मोठी काकी: भाऊजी, गुलाब नको. पातेलं पाहिजे.

पुण्याचा दादा: आई, आधी बेत तर ठरू दे. परवा कोणीतरी पुरणपोळी म्हणत होतं.

तासगावची आत्या: पुरणपोळी नाही. ४० माणसं, माणशी दोन धरल्या तरी ८० पोळ्या. लाटणार कोण, तू? लहानपणी बसायची तशी पंगत करायची असं ठरलंय ना. मग शाळूची भाकरी, भरली वांगी, खर्डा, ताक आणि खपली गव्हाची खीर. वर दूध-तूप. बास.

साताऱ्याचे काका: आणि अख्खा मसूर.

तासगावची आत्या: तो ढाब्यावरचा. आपल्या पंगतीत कधी होता?

साताऱ्याचे काका: अक्का, कराडच्या बाजूला वाढलेल्या पोरांचं बालपण म्हणजे ढाबाच की 😄

नाना: गहू फुटल्याशिवाय गूळ घालायचा नाही. गूळ शेवटी.

छोटी: खीर घरातच करायची ना? की परत तो मागच्या वेळचा आचारी?

मोठी काकी: त्याचं नाव काढू नका. गहू दाताखाली कडक लागत होता आणि दूध फाटलं होतं. ताटात सगळ्यांनी खीर बाजूला सारली, आणि बोलणी मी खाल्ली.

साताऱ्याची काकू: बोलणी कुणी दिली नव्हती जाऊबाई. नुसतं विचारलं होतं.

नाना: गहू कडक का राहिला? गूळ आधी पडला म्हणून. गूळ शेवटी.

तासगावची आत्या: नाना बरोबर बोलतायत. गूळ पाणी ओढून घेतो, मग दाणा आहे तिथंच थांबतो. त्यानंतर दोन तास शिजवा, फुटणार नाही. आता एकदाच सगळं लिहिते, नीट वाचा, परत फोन करून विचारू नका.

४० माणसांना २ किलो खपली. सडलेली, म्हणजे कांडून टरफल काढलेली घ्या. पाकिटावर नुसतं ‘खपली’ असेल तर आधी हातात घेऊन बघा. हा गहू मळला तरी टरफल सोडत नाही, ते असेल तर पाण्याचा हात लावून उखळात सडायचं आणि पाखडायचं. टरफल राहिलं तर खिरीत घशाला टोचतं. शनिवारी दुपारी धुऊन भिजत घाला, रात्री एकदा पाणी बदला. उकाडा असेल तर तेच पाणी सकाळपर्यंत आंबतं. गव्हाबरोबर दोन मुठी तांदूळ आणि मूठभर हरभरा डाळ. तांदळानं खीर मिळून येते, नाहीतर गहू खाली आणि पाणी वर.

शिजवताना गव्हाच्या चौपट-पाचपट पाणी, तेही उकळतं. मधे गार पाणी ओतायचं नाही. दाणा अंगठा आणि बोटात दाबून बघा. मधे पांढरी कणी लागली तर कच्चा आहे. कणी गेली आणि दाणा उमलला की मगच गूळ.

पुण्याचा दादा: कुकरमध्ये केलं तर?

तासगावची आत्या: चालेल. निम्म्याच्या वर भरायचा नाही, गहू फुगतो आणि शिट्टीत अडकतो. ६-७ शिट्ट्या, मग वीस मिनिटं मंद. १० लिटरच्या कुकरमध्ये दोन खेपा होतील. पण गूळ घालून आटवायला शेवटी मोठं जाड बुडाचंच भांडं लागणार.

मोठी काकी: तेच विचारतेय मी सकाळपासून.

साताऱ्याचे काका: स्टीलचं आणू या की भाड्यानं. मांडववाल्याकडं मिळतं.

मोठी काकी: ते पत्र्यासारखं असतं. आच एका जागी लागते आणि खीर बुडाला धरते. एकदा धरली की करपट वास सगळ्या खिरीत, वरची काढून घेतली तरी जात नाही. अॅल्युमिनियम तर नकोच, गुळाला आणि चिंचेला ते भांडं चालत नाही. पितळेचं बूड जाड असतं, आच सगळीकडं सारखी पसरते.

छोटी: गूळ किती आत्या?

तासगावची आत्या: गव्हाएवढाच, २ किलो. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी कमी खावी, सगळ्यांची अगोड करू नका. चिक्कीचा गूळ घेऊ नका, खीर चिवट होते. फार पांढरट पण नको. पातेलीभर पाण्यात वेगळा विरघळवून गाळून घ्या. थेट ढेप फोडून टाकली की वाळू आणि उसाची चिपाडं ताटात येतात. गूळ पडल्यावर १५-२० मिनिटं मंद आच, हात थांबवायचा नाही, लाकडी पळीच घ्या. मग चार नारळांचा चव, १०० ग्रॅम खसखस भाजून वाटून, सुंठ, वेलची, एक जायफळ, दोन चमचे भाजलेली बडीशेप.

साताऱ्याची काकू: आमच्याकडे बडीशेप घालत नाहीत.

तासगावची आत्या: घालत नसतील. इथं घालतात.

साताऱ्याची काकू: घाला की. आम्ही काय, पाहुणेच.

पुण्याचा दादा: बेदाणे मी आणू का? इथं पिवळेधमक मिळतात.

तासगावची आत्या: तासगावात राहून बेदाणे पुण्याचे खायचे? मी पाव किलो आणते. आणि तुझ्या त्या पिवळ्याधमकला गंधकाची धुरी दिलेली असते. आणलेच तर कोमट पाण्यात दोनदा धुऊन घे.

नाना: दूध खिरीत घालायचं नाही. गूळ शेवटी.

छोटी: नाना, दूध का नाही?

नाना: गुळात थोडा आंबटपणा असतो. खीर उकळत असताना दूध ओतलं की फाटलंच. खीर पाण्यावर करायची. ताटात वाढल्यावर ज्याला पाहिजे त्यानं गार दूध घ्यावं, वर तूप. पूर्वी पंगतीत दूधवाला वाढपी वेगळाच फिरायचा. आणि गाय-म्हैस बघू नका, तापवून पूर्ण गार केलेलं असावं एवढंच.

साताऱ्याचे काका: फॉरवर्डेड: ‘खपली गव्हात ग्लुटेन नसते! मधुमेहींसाठी वरदान! १० ग्रुपवर पाठवा!’

छोटी: काका, हे चुकीचं आहे. खपली गहूच आहे, त्यात ग्लुटेन असतंच. दादाच्या मेहुणीला सिलिअॅक आहे, म्हणजे ग्लुटेन अजिबात चालत नाही. हे वाचून खाल्लं तर तिला त्रास होईल.

साताऱ्याचे काका: मी नुसतं पाठवलं. लिहिलं नाही.

पुण्याचा दादा: थँक्स छोटी. तिच्यासाठी तांदळाची खीर वेगळी करू. पळी पण वेगळी ठेवा प्लीज.

तासगावची आत्या: तांदळाची पातेली चुलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवते. भाकरी ती खाऊ शकते, शाळूत ग्लुटेन नसतं. पण पीठ गव्हाच्या दळणावर दळून आणू नका.

मोठी काकी: पीठ ८ किलो लागेल, किलोत दहा भाकरी. दळण शनिवारीच. पीठ शिळं झालं की चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडेला चिरते आणि मग सगळे म्हणतात थापणारीला येत नाही.

साताऱ्याची काकू: कोण म्हणालं?

मोठी काकी: मी जनरल बोलतेय.

मोठी काकी: वांगी कृष्णाकाठची, लहान, काटेरी, ८० नग, म्हणजे ४ किलोच्या आसपास. देठ ठेवून चार चिरा, लगेच मिठाच्या पाण्यात. शेंगदाण्याचं कूट ६०० ग्रॅम, सुकं खोबरं पाव किलो, तीळ १०० ग्रॅम, कांदा-लसूण मसाला घरचा. मसाल्यात मीठ असतं, हे लक्षात ठेवून मीठ घाला. मागच्या वेळी दोनदा पडलं. आणि डावानं ढवळायचं नाही, पातेलं फडक्यात धरून हलवायचं. ढवळलं की सारण बाहेर, वांगी मोकळी.

साताऱ्याचे काका: संध्याकाळच्या चहाला भडंग मी आणतो. सातारचे कंदी पेढे पण.

मोठी काकी: पेढे आणा. पातेलं पण आणा.

साताऱ्याचे काका: हा मेसेज डिलीट केला आहे

पुण्याचा दादा: काका, काय होतं ते?

साताऱ्याची काकू: मीच सांगते. पातेलं आमच्याकडे आहे. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा खालची सगळी भांडी आमच्या गाडीत तुम्हीच चढवून दिलीत. आम्ही मागून नेलेलं नाही.

मोठी काकी: पाणी त्याच महिन्यात उतरलं.

साताऱ्याची काकू: न्यायला कुणी आलं नाही. आणि ते तसंच वापरता येणार नाही. कल्हई गेलीय, तळाला पिवळं दिसतंय.

नाना: मग त्यात खीर करू नका. ताक, आमटी, गूळ, काहीही ठेवलं तरी कळकेल. चव तुरट होते आणि पोटाला बाधतं. आधी कल्हई.

छोटी: कल्हईवाला मिळतो का आता?

साताऱ्याचे काका: आमच्या इथं आठवडी बाजारात एकजण बसतो.

नाना: समोर उभं राहून करून घ्या. भांडं तापवून नवसागर टाकतात, पांढरा धूर निघतो, मग कथील लावून कापसानं फिरवतात. तळ आणि काठ दोन्ही एकसारखे चकाकले पाहिजेत. घाईत काठ सोडतात. नंतर तारेच्या घासणीनं घासू नका, आणि रिकामं चुलीवर तापवू नका, कथील वितळतं.

मोठी काकी: कल्हईचे पैसे मी देते.

साताऱ्याची काकू: पैशाचा विषय कुणी काढला?

पुण्याचा दादा: आई. काकू. प्लीज.

तासगावची आत्या: आणखी एक. खीर गार झाली की दगडासारखी घट्ट होते. दोन लिटर उकळतं पाणी बाजूला ठेवा, पंगत बसायच्या आधी मोकळी करून घ्या. गार पाण्यानं मोकळी केली तर पाणी वेगळं सुटतं. दुसरी पंगत बसणार असेल तर तिच्यासाठी आधीच पाणी...

मोठी काकी: पुण्याहून नक्की किती जण? आकडा कुणीच दिला नाही.

पुण्याचा दादा: सहा. बहुतेक सात.

मोठी काकी: बहुतेक माणसाला ताट कसं मांडू?

नाना: गूळ शेवटी.

साताऱ्याची काकू: पातेलं शनिवारी कल्हई करून डिकीत ठेवते. झाकण मात्र आमच्याकडे आलेलं नाही, आधीच सांगते.

मोठी काकी: झाकण कुठं गेलं?

तासगावची आत्या: झाकणावाचून अडत नाही. परात पालथी घाला.

मोठी काकी: वन्सं, झाकण तासगावला आहे का?