'इनेट इम्युनिटी'ला काय म्हणावं: जन्मजात, उपजत की सहज?

शाईदौत: स्तनाच्या कर्करोगावरच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. विषय आहे 'इनेट' प्रतिकारयंत्रणेचा. रोगाशी आधीची ओळख नसतानाही धावून जाणाऱ्या पेशी असतात, त्यांना गाठीविरुद्ध कामाला कसं लावायचं, याबद्दल. मी 'जन्मजात प्रतिकारशक्ती' लिहिलं आणि खर्डा मावशीला वाचायला दिला. तिच्या शस्त्रक्रियेला दोन वर्षं झालीत. त्या ओळीवर बोट ठेवून ती थांबली. म्हणाली, "म्हणजे हे माझ्यात जन्मापासूनच होतं?" पुढची 'प्रतिकारशक्ती' तिला दिसलीच नाही. दुसरा शब्द सुचवा.

कंदील: मावशींचं बरोबर आहे. जन्मजात व्यंग, जन्मजात हृदयदोष, जन्मजात वैर. हा शब्द बहुतेक वाईटालाच चिकटतो. 'उपजत' घ्या. उपजत बुद्धी, उपजत गळा. शिवाय जोडी छान जमते: उपजत आणि उपार्जित.

पाऊलवाट: उपजत चालेल, उपार्जित नको. वकिलांकडे वीस वर्षं टंकलेखन केलंय, म्हणून सांगते. लोकांना हा शब्द फक्त 'वडिलोपार्जित'मधून माहीत असतो, म्हणजे वाडवडिलांकडून आयतं आलेलं. जी शक्ती लस घेऊन किंवा आजारातून उठून मिळते, तिलाच लोक वारसा समजतील. अर्थ पार उलटा होतो.

कंदील: ताई, वडिलोपार्जित म्हणजे वडिलांनी *कमावलेलं*. शब्दात चूक नाही. चुकीच्या वाचनापायी चांगले शब्द टाकत गेलो तर हाती काय उरेल?

पाऊलवाट: आजारी माणसाला समास सोडवायला बसवू नये. 'कमावलेली' म्हणा.

गवतफूल: 'सहज' कुणालाच कसा आठवला नाही? चरकसंहितेत बलाचे तीन प्रकार सांगितलेत: सहज, कालज आणि युक्तिकृत. सह + ज, सोबत जन्मलेलं. इतका नेमका शब्द घरात असताना शोधाशोध कशाला?

शाईदौत: गवतफूल, व्युत्पत्ती मान्य. पण आज 'सहज' म्हटलं की 'सहज आले होते' आठवतं. 'सहज प्रतिकारशक्ती' वाचून मावशीला वाटेल, शरीर हे आपोआप निपटून टाकतं. तसा खोटा दिलासा मला द्यायचा नाही.

सूक्ष्मदर्शी: प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून आधी पेशींचं काम सांगतो. निरोगी पेशी अंगावर ओळखीची खूण बाळगते. ही खूण हरवलेली पेशी दिसली की 'नैसर्गिक मारक पेशी' तिला मारू शकतात. ट्रास्टुझुमॅब हे औषध 1998 पासून वापरात आहे. ज्या गाठींत हर-2 प्रथिन जास्त असतं, त्यांच्या पेशींना ते चिकटतं आणि वाढीचे संदेश अडवतं. शिवाय त्याची मोकळी राहिलेली शेपूट मारक पेशींच्या हाती लागते आणि त्या चाल करून जातात. म्हणजे 'कामाला लावणं' तिथे थोडंफार आधीपासून चालूच आहे.

भक्षक पेशींचं जास्त अवघड. गाठीच्या पेशी सीडी 47 नावाचं प्रथिन पुढे करतात. त्याचा अर्थ, 'मला खाऊ नकोस'. आणि गाठीत शिरलेल्या भक्षक पेशी पुष्कळदा गाठीलाच रक्तवाहिन्या वाढवायला मदत करतात. आम्ही आपसात त्यांना 'फितूर' म्हणतो.

कंदील: वा! फितूर! हिंदीत तो डोक्यातलं खूळ होतो, मराठीत थेट शत्रूला सामील. पत्रकात हाच घ्या.

गवतफूल: अजिबात घेऊ नका. फितुरीला हेतू लागतो, पेशीला हेतू नसतो. आणि बाईंना काय वाटेल? आपल्याच शरीराने दगा दिला? 'भक्षक'सुद्धा मला खटकतो. रक्षकच भक्षक झाले, असं आपण कशाला म्हणतो ते आठवा.

पाऊलवाट: भक्षक राहू द्या. 1882 साली मेचनिकॉव्हने तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांत काटे टोचले आणि काट्याभोवती जमलेल्या पेशी पाहिल्या. त्यांना जे ग्रीक नाव मिळालं त्याचा अर्थच 'खाणारी पेशी'. 1908 चं नोबेल त्याला मिळालं ते याच कामासाठी. इथे भक्षक हाच रक्षक आहे. पत्रकात एका वाक्यात तसं लिहिलं की झालं.

गवतफूल: मग तुमच्याच न्यायाने 'सहज'लाही एक वाक्य द्या.

शाईदौत: काल मावशीला ही सगळी चर्चा वाचून दाखवली. जन्मजात, उपजत, सहज यातलं तिने काहीच निवडलं नाही. 'फितूर'चं तिला वाईटही वाटलं नाही. एवढंच विचारलं, "फितूर झालेल्यांना परत आणता येतं का?"

सूक्ष्मदर्शी: मावशींना सांगा, त्यावरच अनेक जण काम करताहेत. त्या पेशी मारून टाकण्याऐवजी त्यांना पुन्हा आपल्या बाजूला वळवायचं. स्तनाच्या कर्करोगात हे अजून रोजच्या उपचारांत आलेलं नाही, तेही सांगा.

कंदील: या 'परत आणण्या'लाही शब्द हवा. परावर्तन नको, ते प्रकाशाचं.

गवतफूल: प्रत्यावर्तन?

पाऊलवाट: 'माघारी वळवणं' आहे की.