मदत हवी आहे: संख्यात्मक गणनेसाठी पायथॉनमध्येच राहावे, की ज्युलिया वा फोरट्रानकडे वळावे?

नमस्कार.

उष्णतावहनाचे द्विमितीय समीकरण मी सध्या पायथॉन आणि नमपाय (पायथॉनची संख्यात्मक गणनेची लायब्ररी) वापरून सोडवतो. पदार्थाची उष्णतावाहकता तापमानानुसार बदलत असल्यामुळे समीकरण अरेखीय आहे आणि काळाच्या प्रत्येक टप्प्यावर गाउस-सायडेल पद्धतीने पुनरावृत्ती करावी लागते. घोडे अडते ते इथेच. जाकोबी पद्धतीत सगळी मूल्ये मागच्या फेरीतली असल्यामुळे पूर्ण ॲरेवर (संख्यांच्या तक्त्यावर) एका ओळीत क्रिया करता येते. गाउस-सायडेलमध्ये मात्र शेजारच्या बिंदूचे नुकतेच काढलेले मूल्य लगेच पुढच्या बिंदूसाठी वापरायचे असते, त्यामुळे दुहेरी लूप लिहिण्यावाचून गत्यंतर नाही, आणि पायथॉनमधले लूप किती रेंगाळते हे येथे वेगळे सांगायला नको. (बुद्धिबळाच्या पटासारखी बिंदूंची लाल-काळी विभागणी करून यातून वाट काढता येते, पण मग कोड वाचताना मूळ गणित चटकन ओळखू येत नाही.) ग्रिडमधले अंतर निम्मे केले की बिंदू चौपट होतात, शिवाय पुनरावृत्त्याही वाढतात.

नम्बा (पायथॉनचे फंक्शन थेट यंत्रभाषेत कंपाइल करणारी लायब्ररी) वापरून तेवढे एकच फंक्शन कंपाइल करणे हा सर्वांत कमी कष्टाचा मार्ग दिसतो. परंतु पदार्थांचे गुणधर्म मी क्लासमध्ये ठेवले आहेत आणि ते जसेच्या तसे कंपाइल होणाऱ्या फंक्शनमध्ये नेता येत नाहीत.

फोरट्रान 1957 पासून वापरात असली, तरी फोरट्रान 90 नंतरची भाषा वाचायला सुटसुटीत आहे, आणि सबरुटीनला दिलेले ॲरे स्मृतीत एकमेकांवर येत नाहीत असे कंपाइलरला गृहीत धरता येत असल्यामुळे लूप वेगाने चालतात. एफटूपाय वापरून ते पायथॉनला जोडता येते. मात्र फोरट्रान ॲरे स्तंभांच्या क्रमाने साठवते आणि नमपाय सहसा ओळींच्या क्रमाने; हा क्रम सांभाळला नाही, तर प्रत्येक वेळी ॲरेची प्रत निघते आणि मिळवलेला वेग तिथेच खर्च होतो.

ज्युलिया 2012 मध्ये जाहीर झाली आणि तिची 1.0 आवृत्ती 2018 मध्ये आली. लूप आणि गणित दोन्ही एकाच भाषेत लिहिता येतात, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. फंक्शन पहिल्यांदा चालवताना होणारा कंपाइलचा विलंब मला चालेल. चिंता आहे ती चलाचा प्रकार मध्येच बदलल्यामुळे गुपचूप मंदावणाऱ्या कोडची. सी प्लस प्लसचा विचार मी केलेला नाही, कारण हा कोड पुढे प्रोग्रामिंगपेक्षा भौतिकशास्त्र अधिक जाणणाऱ्यांच्या हाती जाणार आहे.

गणना एकाच यंत्रावर, दुहेरी अचूकतेत होते, जीपीयू नाही. अशा परिस्थितीत केवळ आतले लूप फोरट्रानमध्ये न्यावे, की सगळेच ज्युलियात नव्याने लिहावे? ज्यांनी असा कोड दीर्घकाळ सांभाळला आहे, त्यांनी कृपया हेही सांगावे की ज्युलियात प्रकारांची अस्थिरता रोजच्या कामात कशी पकडता, आणि एफटूपायचा जोड पायथॉनची आवृत्ती बदलल्यावर कितपत टिकतो.