ठासणीच्या रायफलीची गोळी घरच्या घरी कशी तपासावी?

लेहायकर
नमस्कार मंडळी. मी पेन्सिल्व्हेनियात राहतो. माझ्याकडे .50 कॅलिबरची (नळी अर्धा इंच) इनलाइन रायफल आहे, म्हणजे नव्या घडणीची, पण दारू-गोळी नळीच्या तोंडातून भरायची, ठासणीचीच. सॅबोमध्ये (गोळीभोवतीच्या प्लास्टिकच्या कपात) 250 ग्रेनची गोळी (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) आणि मापाने 100 ग्रेन, काळ्या दारूऐवजीची पर्यायी दारू घालतो. गेल्या ऑक्टोबरात मादी हरणांच्या मोसमात सव्वाशे यार्डांवरून एक नेम अगदी खांद्यामागे लागला. पण गोळी शिरली तिथलं भोक आणि निघाली तिथलं भोक, दोन्ही एकाच मापाची. जमिनीवर रक्त नावाला. शेजारचे शेतकरी बॅटरी घेऊन आले म्हणून अंधारात ओढ्याकाठी हरीण सापडलं, नाहीतर ते वाया गेलं असतं आणि मला फार लागून राहिलं असतं. पाकिटावर तर गोळी फुलते, म्हणजे आत शिरल्यावर पसरून रुंद होते, असं मोठ्या अक्षरांत छापलंय.

यंदा स्वतः तपासून मगच गोळी घ्यायची आहे. याच शेतकऱ्यांच्या जमिनीवर उंच मातीचा बांध आहे, त्यांची परवानगीही आहे. दुधाचे गॅलनचे कॅन पाण्याने भरून त्यावर मारलं तर काही खरं कळतं का? की मांसाच्या जागी वापरतात तो जिलेटिनचा ठोकळाच करावा?

चकमकवाली
कॅनने पुष्कळ कळतं. फक्त दहा पावलांवरून मारू नका. बहुतेक जण तिथेच फसतात. तुमची गोळी नळीतून सुटताना सेकंदाला 1,800 फुटांच्या आसपास असते, दीडशे यार्डांवर 1,350 च्या जवळपास उरते. जवळून मारली तर जवळजवळ प्रत्येक गोळी छान फुललेली दिसेल. वेग उतरल्यावर फुलते का, हा तुमचा प्रश्न आहे. तेव्हा ज्या अंतरावरून हरणावर नेम धरता त्याच अंतरावर कॅन मांडा. दारू कमी करून जवळून तोच वेग आणता येतो, पण मग गोळीची फिरकीही उतरते. माझा कौल खऱ्या अंतरालाच.

मांडणी अशी. प्लायवूडची, वरून उघडी, लांब पन्हाळ करून घ्या. त्यात सहा-सात कॅन एकमेकांना चिकटवून ओळीने ठेवा, झाकणं घट्ट लावा. एक कॅन सुमारे सहा इंच रुंद असतो. पन्हाळीमागे बांध हवाच, आणि तो दोन्ही अंगांनी रुंद हवा, कारण गोळी मधेच वळून बाजूने बाहेर पडू शकते. पहिला कॅन फुटून पाणी चहूकडे उडतं, दुसराही फाटतो. गोळी कितव्या कॅनमध्ये थांबली ते लिहून ठेवा. मग त्या आणि आधीच्या कॅनांत उरलेलं पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळा. शिशाच्या गोळीचे करडे तुकडे, प्लास्टिकचं टोक, तांब्याच्या आवरणाचा चुरा, सगळं फडक्यावर दिसतं.

गोळी वाळवून काट्यावर तोला. 250 ची 205 भरली तर 82 टक्के वजन टिकलं. व्हर्नियरने रुंदी दोन दिशांनी मोजा, कारण गोळी एका बाजूने फुलली आणि दुसरीकडे तशीच राहिली असं पुष्कळदा होतं. चांगली फुललेली गोळी कुत्र्याच्या छत्रीसारखी दिसते.

एक गोष्ट कोणी सांगत नाही: सॅबो शोधा. तो रायफलीपुढे काही यार्डांवर गवतात पडलेला असतो. पाकळ्या सारख्या उघडल्या असतील आणि बूड शाबूत असेल तर ठीक. एक पाकळी तुटलेली किंवा बूड जळून भोक पडलेलं असेल तर गॅस गळतोय. मग गोळी कशी फुलली हे बघण्यात अर्थ नाही, आधी सॅबो बदला.

पाण्याचा निकाल हा हरणाचा निकाल नव्हे. पाण्यात गोळी मांसापेक्षा जरा जास्तच फुलते, आणि कॅनमध्ये हाड नसतं. पण दोन गोळ्यांची आपसात तुलना करायला यापेक्षा स्वस्त साधन नाही. पाण्यातही दीडशे यार्डांवर जी फुलली नाही, तिच्याकडून हरणात फुलण्याची आशा धरू नका.

देवगडचा शेतकरी
आमच्याकडे सिंधुदुर्गात ठासणीची बंदूक असते ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. शिकार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदच. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. त्यामुळे तुमच्या गोळीबद्दल मी काही बोलत नाही, पण ठासण्याबद्दल बोलतो. आमचे आजोबा गजावर (ठासायच्या काठीवर) खूण करून ठेवायचे. दारू आणि गोळी पूर्ण बसली की खूण नळीच्या तोंडाशी यायची. खूण वर राहिली तर समजायचं की मधे पोकळी आहे, आणि तशी बंदूक उडवायची नाही, नळी फुगते. चाचणीतही दर वेळी खूण जुळली पाहिजे, नाहीतर दोन गोळ्यांची तुलना होणार कशी?

चकमकवाली
दादा, अगदी मोलाचं सांगितलंत. लेहायकर, हे आजच करा.

प्रयोगशाळा
जिलेटिनबद्दल. ते करायचं तर नीट करा. 250 ब्लूमची (ब्लूम हे जिलेटिनच्या घट्टपणाचं माप) पूड, वजनाने एक भाग पूड आणि नऊ भाग पाणी. उकळू नका, ताकद जाते. ठोकळा 4 अंश सेल्सियसला थंड करून लगेच वापरायचा. मग .177 इंची पोलादी छर्रा सेकंदाला 590 फुटांनी मारून बघायचा, 8.5 सेंटिमीटरच्या आसपास, एक इकडे-तिकडे, शिरला पाहिजे. ही पद्धत अमेरिकी लष्कराचे डॉक्टर मार्टिन फॅकलर यांनी 1980 च्या दशकात रूढ केली. छर्रा जुळला नाही तर ठोकळ्यातल्या आकड्यांवर विसंबता येत नाही. घरच्या फ्रिजमध्ये हरणाच्या छातीला पुरेल एवढा ठोकळा बसवणं कठीण, म्हणून माझं मत ताईंसारखंच, कॅन. त्याच्या जोडीला रात्रभर भिजवलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे घ्या. त्यात गोळीची वाट तशीच राहते, हाताने उलगडून बघता येते.

लेहायकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, दोन शंका. वेग मोजायला क्रोनोग्राफ लागेल का? आणि शिसं की निव्वळ तांबं?

चकमकवाली
क्रोनोग्राफ मिळाला तर उत्तम, पण प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ धुराने आणि सॅबोने गोंधळतो. तो पंधरा फूट तरी पुढे ठेवा, नाहीतर रडारवाला कोणाचा तरी मागून आणा.

तांब्याचं म्हणाल तर मी इनलाइनमध्ये तांबंच वापरते. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याने 2008 मध्ये मेंढ्यांच्या कलेवरांवर वेगवेगळ्या गोळ्या मारून एक्स-रे काढले होते. शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब सापडले. घरात मुलं ते मांस खातात, तेव्हा मला हा प्रश्न तिथेच मिटला. कॅलिफोर्नियात तर 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. पण तांबं शिशापेक्षा कडक, कमी वेगात उघडायला नाखूश. म्हणून तांब्याची गोळी घ्याल तर दीडशे यार्डांची चाचणी चुकवू नका. गोळीच्या टोकाच्या पाकळ्या मागे वळलेल्या दिसल्या पाहिजेत. नाही वळल्या तर नेमाचं अंतर शंभरावर आणा, किंवा मऊ उघडणारी दुसरी गोळी बघा.

नाताळनंतरच्या, गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या चकमकीच्या बंदुकांच्या मोसमात मात्र मी कापडी चिंध्यातली .490 ची गोल गोळीच वापरते. ती शंभर यार्डांत जवळजवळ निम्मा वेग गमावते, त्यामुळे पन्नाशीच्या पलीकडे मी चाप ओढत नाही.

आणि हो, धूरविरहित दारू या रायफलीत कधीही, चिमूटभरही नाही. दारू डब्यातून थेट नळीत ओतू नका, मापातून ओता. दोन बारांच्या मधे ओली चिंधी फिरवा. बार उडाला नाही तर नळी बांधाकडेच धरून थांबा. तुमच्या टाऊनशिपचे गोळीबाराचे नियम आधी विचारून घ्या, ते गावोगावी वेगळे असतात. त्याच संध्याकाळी नळी धुवा. काळी दारू आणि तिचे बरेचसे पर्याय एका रात्रीत गंज धरवतात.

कॅनचे आकडे इथे नक्की टाका, अंतरासकट.