मदत हवी आहे: एकाच कामाचे तीन वेगळे अंदाज, यांतला कोणता धरावा?

कोरीपाटी: ग्राहकाला परवापर्यंत मुदत आणि खर्च कळवायचा आहे. आम्ही तिघांनी स्वतंत्रपणे आकडे काढले, तेव्हा एकाच्या मते काम दोन महिन्यांत होते, दुसऱ्याच्या मते तीन आणि तिसऱ्याच्या मते पाच. सरासरी काढावी की सर्वांत मोठा आकडा द्यावा? कृपया थेट उत्तर द्यावे, सिद्धान्त वाचायला आत्ता वेळ नाही.

मोजपट्टी: काम कशाचे आहे, किती जण ते करणार आहेत आणि रक्कम ठरीव आहे की तासांप्रमाणे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. शिवाय पाच महिने ही मुदत आहे, की एका माणसाची तेवढी मेहनत?

जुनाजाणता: सरासरी मुळीच काढू नका. प्रत्येक उपकामाला अनुकूल, संभाव्य आणि प्रतिकूल असे तीन आकडे द्या, संभाव्य आकड्याच्या चौपटीत उरलेले दोन मिळवा आणि बेरजेला सहाने भागा. ४, ६ आणि १४ दिवस असतील, तर ७ दिवस येतात. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी १९५८ च्या सुमारास तयार झालेली ही पर्ट पद्धत मी वर्षानुवर्षे वापरतो.

दुसरीबाजू: भागाकार अचूक येईल, पण तिन्ही आकडे एकाच आशावादी मनातून आलेले असतात, त्याचे काय? मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच सुचवले होते, की तशाच प्रकारची आधीची कामे प्रत्यक्षात कशी पार पडली ते पाहून अंदाज दुरुस्त करावा. सिडनीच्या ऑपेरा हाउसचा सुरुवातीचा अंदाज सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता आणि १९७३ मध्ये ते खुले झाले तेव्हा खर्च १०.२ कोटींवर गेलेला होता.

जुनाजाणता: ऑपेरा हाउसचे उदाहरण येथे लागू होत नाही. काम नव्या प्रकारचे असेल, तर जुन्या नोंदी आणायच्या कोठून?

वेगवान: माणसे वाढवा, म्हणजे मुदत आपोआप निम्मी होईल.

मोजपट्टी: मुदत कमी कशी करावी, असे त्यांनी विचारलेलेच नाही. शिवाय रेंगाळलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी रेंगाळतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये मांडले आहे, कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो.

कोरीपाटी: जुन्या लेखाप्रणालीतील माहिती नव्या प्रणालीत आणायची आहे. काम आम्ही तिघेच करणार असून रक्कम ठरीव आहे, आणि सांगितलेले महिने ही मुदतच आहे. पाच महिने सांगणाऱ्याने चुकीच्या व दुबार नोंदींची साफसफाई धरली आहे, तर दोन महिने सांगणाऱ्याने ती ग्राहक करील असे मानले आहे.

मोजपट्टी: मग तिघांनी एकाच कामाचा अंदाज केलेलाच नाही, त्यामुळे कोणतेही सूत्र येथे उपयोगी पडणार नाही. साफसफाई कोणाकडे आहे, हे ग्राहकाला आजच लेखी विचारा आणि उत्तर आल्यावर तिघांनी एकत्र बसून पुन्हा आकडे काढा. उत्तर वेळेत आले नाही, तर साफसफाईसह एक आणि तिच्याविना एक, असे दोन आकडे गृहीतकांसकट द्या. ठरीव रकमेत हे लिहिलेले नसेल, तर जास्तीची सारी मेहनत तुमच्या माथी येईल.

कोरीपाटी: ग्राहकाला विचारले आहे. तीन महिने सांगणाऱ्या सहकाऱ्याशीही आत्ताच बोललो, त्याने साफसफाई धरली आहे, पण चाचणी धरलेली नाही.