कराडचे आमचे स्ट्रक्चर्सचे सर : आठवणी लिहा

गेल्या आठवड्यात सर गेले. कराडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला होते त्यांना नाव सांगायला नको, आणि छापलेलं सरांनाही रुचलं नसतं. शोकसभेत ‘ऋषितुल्य’ वगैरे झालं. सर तिथे असते तर मागच्या मागे चहाला सटकले असते. म्हणून विशेषणं नकोत. त्यांनी काय दाखवलं, काय करायला लावलं, ते लिहा.

मी सुरू करतो. कोयनेची सहल. सरांनी आम्हाला धरणाच्या खालच्या अंगाला उभं केलं. “१०३ मीटर उंच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपात हे हललं. तडे कुठं गेले असतील? बोटं दाखवा.” सगळ्यांची बोटं पायाकडे, पाण्याचा दाब तळाला जास्त, एवढं आम्हाला ठाऊक होतं. सरांनी मान वर करायला लावली. उतार जिथे एकदम बदलतो, तिथे आडवे तडे गेले होते. “वरचं वजन हिंदकळलं, आणि आकार बदलतो तिथं ताण गोळा झाला. पाया नुसता बघत बसला लगा!” नंतर दिलेले काँक्रीटचे टेकू दाखवले. समीकरण फळ्यावर आलं ते पुढच्या महिन्यात.

– धागाकर्ता

माझं गाव औशाकडचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दिवाळीच्या सुट्टीत सर स्वतःच्या खर्चाने आले, आमच्याकडे उतरले. पडलेल्या भिंतींपाशी बसून दगड चाळायचे. भिंत दोन-अडीच फूट रुंद, पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये चिखल आणि गोटे. दोन्ही थर बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. हादऱ्याने थर सुटले, वरून माळवद, म्हणजे मातीचं जड छप्पर, आलं. काही घरांत मात्र खणाचे लाकडी खांब-तुळया तशाच उभ्या होत्या. सर त्या सांध्यांचे फोटो काढत राहिले.

आजीने विचारलं, “मास्तर, आता घर कसं बांधावं?” सर म्हणाले, “आज्जी, भिंतीत थोड्या थोड्या अंतरावर आरपार दगड घाला. दारं-खिडक्यांच्या वर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा फिरवा. आणि गळतंय म्हणून दरसाली माळवदावर माती चढवू नका.” आजीला ते शेवटचं पटलं नाही. बराच वेळ वाद चालला, आणि सर मनापासून वाद घालत होते.

– १९९५ ची बॅच

सगळे गोड लिहितायत म्हणून सांगतो, मला सर आवडायचे नाहीत. काँक्रीटचा क्यूब (चाचणीचा ठोकळा) मशीनखाली फुटला, आकडा लिहिला, की आम्हाला मेस गाठायची असायची. हे तुकडे गोळा करायला लावायचे. खडी फुटलीय की खडीभोवतीचा मसाला सुटलाय? जर्नलमध्ये चित्र काढा! आज क्वालिटी कंट्रोलला आहे, माझे ट्रेनी माझ्याबद्दल हेच म्हणत असणार.

– एक माजी त्रस्त

सर्व्हे कॅम्पला रिवाज असा, की रीडिंग मुलं घेणार आणि आम्ही मुली थिओडोलाइटवर (कोन मोजायच्या यंत्रावर) छत्री धरणार. सर आले, बघितलं, म्हणाले, “अगं, ती छत्री त्याच्याकडे दे. त्याला ऊन लागतंय.” बास. त्यावर भाषण नाही. नंतर ट्रॅव्हर्स (मोजलेल्या रेषांची साखळी) जुळेना तेव्हा मात्र मला सगळ्यांइतकंच झापलं.

– मस्कतहून

कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगचा हूक १३५ अंश!! सळया वाकवणारे फिटर नव्वदला वाकवून मोकळे व्हायचे. सर त्यांच्याशेजारी उकिडवे बसून सांगायचे, “भूकंपात बाहेरचं कव्हर झडलं की नव्वदचा हूक उघडतो. आतल्या काँक्रीटमध्ये शिरला तरच धरेल.” फिटरला पटेपर्यंत उठायचे नाहीत.

– साइटवरून, घाईत

मी विद्यार्थी नव्हे. माझे वडील तिथे लॅब अटेंडंट होते. स्लंप टेस्टच्या (ओलं काँक्रीट किती खाली बसतं ते बघायच्या) दिवशी सर वर्गाला सांगायचे, “शंकू सरळ कसा उचलायचा ते भाऊंकडून शिका, माझा हात हलतो.” हात अजिबात हलत नसे, असं वडील म्हणायचे.

– भाऊंचा मुलगा

सरांच्या हातच्या नोट्सपैकी प्लेट गर्डरचं (पोलादी प्लेटा जोडून केलेल्या तुळईचं) प्रकरण माझ्याकडे आहे, स्कॅन करून देतो. कमानींचं प्रकरण हॉस्टेलमधून कुणीतरी नेलंय. त्याने झेरॉक्स पाठवावी, नाव विचारणार नाही.

– १९८८ ची बॅच