शनिवारी न्यूयॉर्कमध्ये चीजकेक: कुठे जावं, कोणत्या क्रमाने?

एडिसनकर:
पुढच्या शनिवारी न्यू जर्सीतल्या एडिसनहून चौघं न्यूयॉर्कला जाणार आहोत. पुण्याचे पाहुणे आहेत, त्यांना तिथला खरा चीजकेक खायचाय. दहाच्या सुमारास पेन स्टेशनला उतरू, संध्याकाळी परत. याद्या चाळल्या तर प्रत्येकीत वेगळंच दुकान पहिल्या नंबरावर. गाडी नेणार नाही, सबवे आणि पाय. तीन ठिकाणं जमतील का? सुरुवात कुठून करावी? एक अख्खा केक घरी न्यायचाय, या उकाड्यात तो टिकेल ना? आणि चौघांतलं एक जण अंडं खात नाही, त्याचं काय करावं?

ब्रॉडवेमार्गे:
तीन ठिकाणं आरामात होतात. याद्या जुळत नाहीत कारण न्यूयॉर्कमध्ये चीजकेक या एका नावाखाली तीन वेगळे पदार्थ मिळतात: क्रीम चीजचा दाट, क्रीम चीजचाच पण हलका, आणि रिकोटा या ताज्या, मऊ इटालियन चीजचा. त्यांना एकाच रांगेत उभं करून नंबर देण्यात अर्थ नाही. तिन्ही एका दिवसात खाल्ले की पाहुण्यांना आपला कोणता ते आपोआप कळेल.

सुरुवात हलक्यापासून करा. पेन स्टेशनहून चालत ३४ स्ट्रीट-हेराल्ड स्क्वेअरला या, डाउनटाउनची, म्हणजे दक्षिणेकडे जाणारी, आर गाडी पकडा आणि प्रिन्स स्ट्रीटला उतरा. तिथून पूर्वेला सात-आठ मिनिटं चाललं की क्लीव्हलंड प्लेसवर 'आयलीन्स स्पेशल चीजकेक'. १९७०च्या दशकापासूनचं छोटं दुकान. इथे अंड्याचा पांढरा भाग वेगळा फेटून मिसळतात, म्हणून केक दाट न होता फुललेला लागतो. तळाला ग्रॅहम क्रॅकर या बिस्किटांचा चुरा. एकट्याला पुरतील असे छोटे गोल केक मिळतात. चौघांत दोन घ्या, त्यातला एक साधाच. आत बसायला जागा कमी, पण समोरच पेट्रोसिनो स्क्वेअरमध्ये बाक आहेत.

मग स्प्रिंग स्ट्रीटहून अपटाउनची, म्हणजे उत्तरेकडे जाणारी, ६ नंबरची गाडी, दुसरं स्टेशन ॲस्टर प्लेस, आणि दहा-बारा मिनिटं चालून ईस्ट ११ स्ट्रीटवर, फर्स्ट आणि सेकंड ॲव्हेन्यूच्या मध्ये, 'व्हेनिएरोज'. १८९४ सालचं इटालियन दुकान. काचेच्या कपाटात न्यूयॉर्क पद्धतीचाही चीजकेक दिसेल, तुम्ही मात्र रिकोटाचा मागा. तो कलाकंदासारखा रवाळ असतो आणि तसाच असायला हवा. तो क्रीम चीजसारखा गुळगुळीत नाही म्हणून बिघडलाय असं समजू नका. इथे टेबलावर बसून कॉफीबरोबर खाता येतो, दुपारच्या विसाव्याला हेच ठिकाण चांगलं.

शेवटी ब्रुकलिन. फर्स्ट ॲव्हेन्यूहून एल गाडीने युनियन स्क्वेअर, तिथून ब्रुकलिनकडे जाणारी क्यू. कॅनल स्ट्रीटनंतर ती मॅनहॅटन ब्रिजवरून जाते. पाहुण्यांना खिडकीशी उभं करा, नदी आणि ब्रुकलिन ब्रिज दोन्ही दिसतात. पुलापलीकडे लगेच डीकॅल्ब ॲव्हेन्यू, आणि बाहेर आलात की फ्लॅटबुश ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर 'ज्युनियर्स'. हॅरी रोझेन यांनी १९५० मध्ये सुरू केलेलं. इथला केक दाट आणि जड, आणि तळाला बिस्किटाचा चुरा नसून स्पंज केकचा पातळ थर. तुकडा मोठा असतो, चौघांत दोन पुरे. परतताना तीच क्यू हेराल्ड स्क्वेअरला सोडते. शनिवार-रविवारी दुरुस्तीमुळे गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवतात, तेव्हा सकाळी निघण्यापूर्वी सबवे चालवणाऱ्या एमटीएचं वेळापत्रक बघा.

जुन्या याद्यांत 'लिंडीज'चं नाव सापडेल. ते मूळ दुकान केव्हाच बंद झालं, त्याच्या शोधात वेळ घालवू नका.

साखरपेरणी:
क्रम उत्तम आहे. एक भर घालते: ज्युनियर्सचा केक आता न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनमध्ये भाजून येतो. टाइम्स स्क्वेअरजवळच्या शाखेतही तोच मिळतो. दिवस हातातून निसटला तर फक्त चवीसाठी ब्रुकलिन गाठायलाच हवं असं नाही. ब्रुकलिनला जायचं ते त्या नारिंगी बाकांसाठी आणि गजबजाटासाठी, आणि तेवढ्यासाठी जायलाच हवं असं माझं ठाम मत.

टॉपिंगबद्दल: पहिला तुकडा प्रत्येक ठिकाणी साधाच घ्या. स्ट्रॉबेरीच्या चकचकीत पाकाखाली तडे झाकले जातात आणि पाकाची साखर क्रीम चीजचा आंबटपणा मारून टाकते. तुकडा फ्रीजमधून थेट आला असेल तर वीस मिनिटं थांबा. गार असताना गोडी आणि आंबटपणा दोन्ही दबतात, चरबी कडक असते आणि चांगला केकही मेणासारखा लागतो.

ओव्हन१६०:
तुकडा समोर आला की आधी कापलेली बाजू बघा, खायच्या आधीच बरंच कळतं.

दाट केकची बाजू सलग दिसली पाहिजे. मोठी छिद्रं असतील तर अंडी घातल्यावर मिश्रण जास्त फेटलंय. आत शिरलेली हवा ओव्हनमध्ये फुगते, केक वर येतो आणि गार होताना खचतो. दाट केक जिभेला रवाळ लागला तर तो जास्त भाजलाय. मधल्या भागाचं तापमान साधारण ६५ अंश सेल्सिअस झालं की केक बाहेर काढायला हवा. ७० च्या पुढे गेलं की अंड्यातली प्रथिनं आवळतात, पाणी सोडतात, आणि तडाही तेव्हाच जातो. दाताला रबरासारखा लागला तर तो भाजलेला नसून जिलेटिनवर जमवलेला. घशाशी पिठूळ थर राहिला तर कॉर्नफ्लोअर किंवा मैदा जास्त झालाय. थोडं घालणं चूक नाही, स्टार्चमुळे उष्णतेने अंड्याच्या गुठळ्या व्हायची शक्यता कमी होते.

तळाकडे नीट बघा. बिस्किटाचा तळ ओला असेल तर तुकडा फार वेळ पडून आहे किंवा केक गरम असतानाच झाकलाय. ज्युनियर्सचा स्पंज ओलावा शोषूनही लगदा होत नाही, त्यामुळे तिथे ही परीक्षा चालत नाही. (माझी पसंती बिस्किटालाच. दाट केकखाली कुरकुरीत काहीतरी हवंच.)

दाटपणा कुठून येतो तेही सांगतो. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे क्रीम चीजमध्ये दुधाची चरबी किमान ३३ टक्के आणि पाणी जास्तीत जास्त ५५ टक्के असावं लागतं. शेजारीच न्यूशाटेल नावाची कमी चरबीची वडी असते, तिच्यात पाणी जास्त. घरी करताना चुकून ती उचलली तर केक ढिला पडतो.

साखरपेरणी:
ओव्हन१६०, स्पंजबाबत सहमत नाही. तिथला केक इतका जड आहे की त्याखाली लोण्यात भिजलेलं बिस्किट आलं तर दोन घासांत तोंड मिटतं. स्पंज तिथे मुद्दाम गप्प बसतो.

ब्रॉडवेमार्गे:
घरी न्यायच्या केकबद्दल. दुधाचे पदार्थ फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त नकोत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणून अख्खा केक सर्वात शेवटच्या ठिकाणीच घ्या. डीकॅल्बहून हेराल्ड स्क्वेअर, तिथून पेन स्टेशन आणि पुढे एडिसनची गाडी, हे सगळं धरून दीड-दोन तास सहज जातात. घरून थंड राहणारी पिशवी आणि गोठवलेले दोन बर्फपॅक न्या. ब्रुकलिनऐवजी टाइम्स स्क्वेअरच्या शाखेतून घेतलात तर अर्धा तास वाचतो. खोका आडवाच धरायचा, पिशवीत उभा घातला की केक एका कडेला सरकतो.

उरलेला गोठवता येतो. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, तुकडे करा; प्रत्येक काप झाला की पुन्हा पुसा. तुकडे तासभर उघडेच फ्रीझरमध्ये कडक होऊ द्या, मग क्लिंग फिल्म आणि त्यावर फॉइल. महिनाभर राहतात. काढताना रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर ओट्यावर ठेवले तर वरचा थर घामेजतो. फळांच्या टॉपिंगसकट गोठवू नका.

ओव्हन१६०:
अंडं न खाणाऱ्यांसाठी: दुकानातल्या भाजलेल्या चीजकेकमध्ये अंडं आहे असं धरूनच चाला. न भाजलेला दिसला तर 'अंडं आहे का' एवढ्यावर थांबू नका, जिलेटिनही विचारा. ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून बनतं. फळाच्या पाकातही असू शकतं. काउंटरवरच्या माणसाला खात्री नसेल तर घेऊ नका.

त्यांच्यासाठी शुक्रवारी रात्री घरीच करून ठेवा. ६ इंची, तळ सुटणाऱ्या भांड्याला १०० ग्रॅम डायजेस्टिव्ह बिस्किटं आणि ४५ ग्रॅम वितळलेलं लोणी. चुरा वाटीच्या बुडाने दाबून १६० अंशांवर दहा मिनिटं भाजा आणि गार करा. वर २२५ ग्रॅम क्रीम चीज, २०० ग्रॅम चक्का, २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, एक चमचा लिंबाचा रस. क्रीम चीज दोन तास आधी बाहेर काढून एकटंच घोटा. गार चीजमध्ये बाकीचं ओतलं की गुठळ्या होतात आणि मग कितीही फेटलं तरी जात नाहीत. चक्का गोड दह्याचा हवा, आणि बोट दाबलं तर पाणी सुटता कामा नये. ग्रीक योगर्ट वापरणार असाल तर तेही दोन-तीन तास फडक्यात टांगा.

भांडं जरा मोठ्या केक टिनमध्ये ठेवून तो टिन गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवा. नुसतं फॉइल गुंडाळलं तर कुठेतरी भोक पडतंच आणि तळ भिजतो. १६० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. कडा घट्ट आणि मधला दोन-अडीच इंच थरथरता असताना ओव्हन बंद करा, दार किंचित उघडून तासभर आतच राहू द्या, मग फ्रीजमध्ये आठ तास. अंडं नसल्यामुळे हा गार झाल्यावरच घट्ट होतो, त्यामुळे मध्य हलतोय म्हणून आणखी भाजत बसू नका.

एडिसनकर:
चक्का आजच टांगतो, एकदा करून बघायला. एक शंका: पाहुण्यांना पुण्यात परतल्यावर हाच करायचा आहे. छोट्या ओटीजीमध्ये पाण्याचा ट्रे मावत नाही, मग?

ओव्हन१६०:
खालच्या जाळीवर उकळत्या पाण्याची छोटी ताटली ठेवा, केक वरच्या जाळीवर. वरची कॉइल बंद, फक्त खालची चालू, तापमान १४० ते १५०, वेळ ५० मिनिटांपर्यंत जाईल. छोट्या ओटीजीची उष्णता एका बाजूला जास्त असते, तेव्हा अर्ध्या वेळेला भांडं एकदा फिरवा. दार पंधरा सेकंदांपेक्षा जास्त उघडं ठेवू नका.

साखरपेरणी:
आणि आयलीन्सला शनिवारी दुपारनंतर गर्दी वाढते, ते सकाळीच उरका.